मानावर पाणी सोडणारी पंडिता

भगिनींनो, मंडळाच्या वाढदिवशी एखाद्या थोर स्त्रीचे स्मरण करावे ही आपल्याकडची चांगली चाल आहे. पंडिता रमाबाईंचे नाव आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेले असते. त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले, केडगावला मुक्ती मिशन उभारले, इतके पुष्कळ जणींना ठाऊक असते. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, या वाक्यापाशी मात्र आपले कुतूहल बहुधा थांबते. कोणी ते वाक्य कौतुकाने उच्चारते, कोणी नाक मुरडून. पण त्या श्रद्धेने त्यांच्याकडून काय काय मागून घेतले, याची चौकशी क्वचितच कोणी करते.

परधर्मात गेलेल्या माणसाला तिकडे आश्रय मिळतो, पैसा मिळतो, साहेबांच्या घरी खुर्ची मिळते आणि म्हणूनच तो जातो, अशी एक समजूत आपल्या समाजात फार दिवसांची आहे. रमाबाईंचे चरित्र ओळीने पाहिले तर ही समजूत टिकत नाही. त्यांच्या आयुष्यात सुख आणि सन्मान अनेकदा दाराशी चालून आले. प्रत्येक वेळी त्याची किंमत एकच होती. आपल्या मनाला पटलेले थोडे आवरते घ्यायचे, थोडे झाकून ठेवायचे, एवढेच. तेवढे मात्र त्यांच्याकडून कधी झाले नाही. ते कसे, हे सांगण्यासाठीच हे चरित्र येथे थोडक्यात दिले आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि व्युत्पन्न पंडित. तरुणपणी ते पुण्यास शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत. स्त्रीलाही ही विद्या येते हे अनंतशास्त्र्यांनी तेथे पाहिले आणि आपल्या पत्नीला शिकवायचे असे मनाशी ठरवले. त्या काळी हे म्हणजे धर्म बुडवणेच! नातलगांनी विरोध केला, गावाने नावे ठेवली, शास्त्रीमंडळींनी जाब विचारला. शास्त्रीबुवांनी ग्रंथांचे आधार देऊन सर्वांना उत्तर दिले आणि पत्नी लक्ष्मीबाईंना घेऊन ते रानात आश्रम बांधून राहिले. लोकांची मर्जी राखण्यासाठी खरे वाटते ते सोडायचे नाही, हा धडा रमाबाईंना असा पाळण्यातच मिळाला.

रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटाऱ्यात घातलेले ते मूल गड्याच्या डोक्यावरून रान उतरले. पुढची अनेक वर्षे हेच त्यांचे घर. तीर्थाच्या ठिकाणी पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचे आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरायची. पहाटे उठून आई लेकीला श्लोक सांगे आणि लेक ते पाठ करी. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत पडलेल्या दुष्काळाने या कुटुंबाची वाताहत केली. होते नव्हते ते दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत संपले. मजुरी करण्याची सवय नाही, भीक मागण्याची लाज. झाडपाल्यावर दिवस काढण्याची वेळ आली. वडील गेले, काही दिवसांत आई गेली, मग थोरली बहीणही गेली. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत, तेव्हा रमाबाईंनी स्वतः खांदेकऱ्याची जागा घेतली. उंची कमी म्हणून तिरडीचा दांडा त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. मागे उरली ती रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवासशास्त्री ही दोनच भावंडे. हजारो मैल पायी तुडवीत, थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नाही अशा स्थितीत हिंडत ती १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली.

येथे दैव एकदम फिरले. वीस वर्षांची अविवाहित मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, सभेत शास्त्रार्थ करते, हे पाहून कलकत्त्यातील विद्वान थक्क झाले. त्यांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. सभा, सत्कार, वर्तमानपत्रांतून नाव! काल ज्यांना मूठभर धान्य मिळत नव्हते त्यांच्या गळ्यात आज हार पडू लागले. ही पदवी सांभाळून, परंपरेची थोरवी गात राहिल्या असत्या तर देशभर त्यांची पालखी निघाली असती. परंतु त्याच वेळी स्त्रियांपुढे व्याख्याने द्यावीत म्हणून त्या धर्मशास्त्राचे ग्रंथ पुन्हा बारकाईने वाचत होत्या. ग्रंथांची आपसांत इतर बाबतींत कितीही मतभिन्नता असो, स्त्री आणि शूद्र यांना कमी लेखण्यात बहुतेकांचे एकमत आहे, असे त्यांना दिसून आले. ज्या विद्येने त्यांना मान मिळवून दिला त्याच विद्येवरचा त्यांचा विश्वास उडू लागला आणि हे त्यांनी लपवले नाही.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, भाषा निराळी. आप्तांनी आणि जातीने पाठ फिरवली. सिल्चरचा हा संसार सुखाचा होता. १८८१ साली मनोरमा ही कन्या झाली. याच घरात लूकच्या शुभवर्तमानाची एक प्रत रमाबाईंच्या हाती पडली आणि एका मिशनऱ्याकडून त्यांनी बायबलातील सृष्टीची कथा ऐकली. पतीला ते रुचले नाही. पण विषय वाढण्यापूर्वीच, ४ फेब्रुवारी १८८२ रोजी, बिपिनबाबूंना पटकीने नेले. तेवीस वर्षांच्या वयात, तान्ही मुलगी कडेवर घेऊन रमाबाई विधवा झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सुधारकांनी त्यांना आदराने आसरा दिला. घरोघरी पुराण-प्रवचने झाली, बायका ऐकायला जमू लागल्या आणि १८८२ साली आर्य महिला समाज स्थापन झाला. आज गल्लोगल्ली आपली महिला मंडळे आहेत. त्यांच्या आजीबाईंत या समाजाची गणना करावी लागेल. त्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष देताना मुलींसाठी शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, असे त्यांनी ठासून सांगितले. स्त्रीधर्मनीति हे त्यांचे पुस्तकही तेव्हाच निघाले. पुण्याने त्यांना डोक्यावर घेतले होते. सुधारकांना आपल्या बाजूने बोलणारी विदुषी मिळाली होती आणि रमाबाईंना हक्काचे घर मिळाले होते.

पण त्यांना वैद्यकी शिकायची होती. पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा घेऊन १८८३ साली त्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडास निघाल्या. तेथे वाँटेज गावच्या भगिनीसंघात राहायचे, हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचे आणि बदल्यात राहण्या-शिकण्याची सोय व्हायची, असा करार होता. धर्म बदलण्याचा आपला विचार नाही, असे त्यांनी निघताना स्नेह्यांना सांगितले होते.

इंग्लंडात मात्र मनाची उलथापालथ झाली. भगिनीसंघाने लंडनमध्ये वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी चालवलेला आश्रम त्यांनी पाहिला. आपल्याकडे अशा स्त्रीचे तोंड पाहायलाही कोणी तयार नसते आणि येथे कुलीन बायका तिची सेवा करतात, तिला पुन्हा माणसांत आणतात, हे कोणत्या शिकवणुकीने होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांनी विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचली आणि आपण शोधत होतो ते येथे आहे असे त्यांना वाटले. याच दिवसांत त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने आत्महत्या केली. परक्या देशात तो घाव सोसून त्या उभ्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात वणवा पेटला. ज्यांनी काल पायघड्या घातल्या त्यांनी आज शिव्या दिल्या. महात्मा फुले यांच्यासारख्या एखाद्यानेच त्यांची बाजू उघडपणे घेतली. स्वदेशातील सारा मान एका दिवसात गेला. निदान तिकडे तरी कौतुक झाले असेल ना, असे आपण म्हणू. झालेही. परंतु ते कौतुकही सशर्त होते आणि हाच भाग आपण नीट समजून घेतला पाहिजे.

चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात रमाबाई शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे डॉक्टर होण्याची आशा सुटली होती. त्या पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवतील अशी सूचना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवले तर मायदेशी तिचे वजन राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितसभेत वाद केला, जिला तिच्या पित्याने आणि पतीने कधी अडवले नाही, तिला आता हे नवे धर्मगुरू मर्यादा शिकवू लागले! एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरवून दुसऱ्याचे घ्यायला आपण तयार नाही, असे त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळवले.

मतभेदाचे विषय पुढे वाढतच गेले. चर्चचा त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना आणि पटला असे म्हणायला त्या तयार होईनात. ज्या मठभगिनीला त्या आईसारखे मानीत तिच्याशीच मोठा पत्रव्यवहार झाला. तिला हा शिष्येचा अहंकार वाटला. क्रॉसवर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे रमाबाई विचारीत. अंडे घातलेला गोड पदार्थही त्या खात नसत. त्या शाकाहारीच राहिल्या आणि पोशाखही त्यांनी आपलाच ठेवला. हे जातीच्या अभिमानाचे अवशेष आहेत, असा ठपका त्यांच्यावर आला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या वेळी त्या परदेशात, एका लहान मुलीसह, त्याच लोकांच्या आधाराने राहत होत्या. माहेर तुटलेले, दुसरे घर नाही. अशा वेळी चार गोष्टींना मान डोलावणे किती सोपे होते! ख्रिस्तावरची त्यांची श्रद्धा खरी होती. नेमकी म्हणूनच मोठ्यांची मर्जी आणि श्रद्धा या दोन गोष्टींत त्यांनी घोटाळा होऊ दिला नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या आणि तेथेच सुमारे पावणेतीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. गावोगाव व्याख्याने झाली आणि १८८७ साली बोस्टन येथे त्यांच्या नावाची संस्था निघाली. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा काढायची, दहा वर्षे खर्च संस्थेने द्यायचा आणि शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले. तेथे राहून व्याख्याने देत त्या आरामात जगल्या असत्या. पण त्यांचा जीव इकडे होता. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्या मुंबईत उतरल्या आणि ११ मार्च रोजी चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. उद्घाटनाच्या सभेच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. याच गोदूबाईंचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे म्हणून पुढे सर्वांना परिचित झाल्या.

१८९० साली सदन पुण्यास गेले. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. मुली वाढत होत्या. केशवपन झालेल्या, कोपऱ्यात बसवलेल्या मुली येथे हसू लागल्या, वाचू लागल्या, बागेत खेळू लागल्या. ज्यांनी १८८३ मध्ये तोंड फिरवले होते त्यांतले कित्येक आता आपल्या लेकी-सुना सदनात आणून घालीत होते. गेलेला मान हळूहळू परत येत होता. आणि येथेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण परीक्षा झाली.

रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. ही गोष्ट बाहेर फुटली. केसरीने कडक टीका केली. सदन हे मिशनचे जाळे आहे असे बोलले जाऊ लागले. सल्लागारांचे म्हणणे होते की मुलींना प्रार्थनेला येऊ देऊ नये. रमाबाईंचे म्हणणे होते की मुलींना आपल्या धर्माप्रमाणे पूजा-उपासतापास करण्याची मोकळीक आहे, त्यांचे सोवळे-ओवळे सांभाळले जाते, कोणावर सक्ती नाही. परंतु आईच्या खोलीत लेकराने येऊ नये असा नियम आपण करणार नाही आणि आपली प्रार्थना चोरूनही करणार नाही.

या वादात सारी चूक एका बाजूची होती असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पालकांनी मुली विश्वासाने ठेवल्या होत्या. कोवळ्या वयाच्या, पोरक्या मुलीवर प्रेम करणाऱ्या बाईचा प्रभाव पडणारच आणि त्याला सक्ती लागत नाही, ही सल्लागारांची शंका खोटी नव्हती. पुढे १८९५ साली सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांना आपले म्हणणे खरे ठरले असे वाटले असेल. रानडे-भांडारकर हे काही रमाबाईंचे वैरी नव्हते. त्यांनाही आपल्या शब्दाची चाड होती. रमाबाईंचा मार्ग सर्वांना पटावा असा आग्रह येथे नाही. पण एक गोष्ट मात्र विरोधकांनीही मान्य करावी अशी आहे. दार लोटून घेतले असते तर सर्व काही शांत झाले असते. खोलीचे एक दार! आत आपली प्रार्थना चालू, बाहेर सल्लागार खूश, वर्तमानपत्रे गप्प, मुली जागच्या जागी. असे व्यवहारी शहाणपण आपण रोज करतो. रमाबाईंनी ते केले नाही. १८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुलींना पालक घेऊन गेले. ज्या मुलींसाठी सात समुद्र पालथे घातले त्या डोळ्यांदेखत पुन्हा त्याच अंधाऱ्या माजघरांकडे निघाल्या. त्या दिवशी रमाबाईंच्या जिवाचे काय झाले असेल, ते लेकीबाळी असलेल्या बायकांना सांगायला नको.

एवढे झाल्यावर निदान सरकारची मर्जी तरी त्यांनी सांभाळली असती. तेही नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची कशी हेळसांड होते, सदनातील एका मुलीचे तेथे काय झाले, हे त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून उघड केले. गव्हर्नरांनी त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. ख्रिस्ती बाई ख्रिस्ती सरकारच्या बाजूने बोलणार, हा हिशेबही असा चुकला.

याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणी दुष्काळात आईबाप गमावलेल्या रमाबाईंना स्वस्थ बसवेना. जवळ पैसा नव्हता, सोय नव्हती. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपासमारीने सांगाडे झालेल्या सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. प्लेगच्या बंदोबस्तामुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना. सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव येथे जमीन घेऊन ठेवली होती. तेथे तंबू आणि झोपड्या ठोकून या मुलींना नेले. विहिरी खोदल्या, इमारती बांधल्या, झाडे लावली. १८९८ साली मुक्ती सदनाची वास्तू उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर येथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

उच्चवर्णीय विधवांसाठी सुरू झालेले काम आता कोणत्याही जातीच्या, कोणत्याही स्थितीतील स्त्रीसाठी झाले. फसवल्या गेलेल्या, घराबाहेर काढलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. लंडनमध्ये पाहिलेल्या त्या आश्रमाचे ऋण असे केडगावच्या माळावर फेडले गेले. अंध मुलींना मनोरमा ब्रेल लिपी शिकवू लागली. विणकाम, शेती, गोठा, तेलघाणा, छापखाना, सारी कामे मुलीच करीत. बोस्टनच्या संस्थेची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली. नवी संस्था निघाली खरी, पण मुक्तीचा वाढलेला संसार कोणाच्या बांधील रकमेवर चालत नव्हता. येईल त्या देणगीवर आणि प्रार्थनेवर भिस्त होती. एवढ्या मोठ्या आवाराच्या मालकीणबाई म्हणून शोभेल असे स्वतःचे राहणीमान त्यांनी कधी केले नाही. पांढरे साधे लुगडे, साधे शाकाहारी जेवण आणि उजाडण्यापूर्वी प्रार्थना, हाच क्रम अखेरपर्यंत राहिला.

मिशनऱ्यांच्या जगातही त्या पूर्णपणे कोणाच्या झाल्या नाहीत. १९०५ साली मुक्तीत भक्तीची मोठी लाट उसळली. शेकडो मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. कित्येक मिशनऱ्यांना ते बरे दिसले नाही. रमाबाईंनी मुलींना गप्प केले नाही. आपल्या बायका आपल्या रीतीने देवाला हाक मारतात, त्यात परक्यांच्या शिष्टाचाराचे काय काम, अशी त्यांची वृत्ती होती.

आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे त्यांनी बायबलाच्या मराठी भाषांतराला दिली. आधीची भाषांतरे संस्कृत शब्दांनी जड झालेली. कमी शिकलेल्या खेड्यातील बाईला ती कळत नसत. ज्यांना अठरा हजार श्लोक पाठ होते, ज्यांना सरस्वती म्हणून गौरवले गेले होते, त्यांनी आपली सारी पंडिताई बाजूला ठेवून दळणकांडण करणाऱ्या बाईच्या तोंडची मराठी पत्करली. त्यासाठी उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनी खिळे जुळवले. पंडितांनी वाहवा करावी असा हा ग्रंथ नव्हता आणि तशी इच्छाही नव्हती.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. तोपर्यंत त्या थकल्या होत्या, कानांनी ऐकू येत नव्हते. पदकाने त्यांच्या दिनक्रमात काही फरक पडला नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. पेटाऱ्यातून निघालेल्या या प्रवासातले शेवटचे रक्ताचे माणूस गेले. आपल्या मागे ही संस्था जिच्या हाती द्यायची, तीच आधी गेली. तरीही रमाबाई भाषांतराच्या कामाला बसल्या. ते काम पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली छापून बाहेर पडले. केडगावची संस्था आजही चालू आहे. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. जिवंतपणी ज्यांच्या मागे त्या लागल्या नाहीत ते मानसन्मान असे मागाहून चालत आले.

भगिनींनो, रमाबाईंचा धर्म आपणां बहुतेकींचा नाही आणि त्यांची सर्व मते आपल्याला पटतील असेही नाही. पण एक प्रश्न त्यांचे चरित्र आपल्याला विचारते, तो कोणत्याही धर्माच्या बाईला लागू आहे. दारिद्र्य, उपासमार, मरणे ही सोसायला कठीणच. तरी ती सोसताना माणसाला आपण काय सोसतो आहोत ते कळत तरी असते. कौतुकाचे तसे नाही. चार माणसांनी बरे म्हणावे, घरात कुरबुर नको, शेजारीपाजारी वाईट दिसायला नको, म्हणून आपण मनातले एकेक दार हळूच लोटून घेतो. सुनेच्या शिक्षणाचा प्रश्न येतो, विधवा जावेला हळदीकुंकवाला बोलावण्याचा येतो, फसलेल्या मुलीला घरात घेण्याचा येतो. अशा वेळी खरे काय ते आपल्याला बहुधा माहीत असते. फक्त ते उघडपणे करण्याची वेळ आली की लोक काय म्हणतील हा विचार पुढे येतो.

रमाबाईंनाही लोक काय म्हणतील हे पुरते ठाऊक होते. कलकत्त्याने, पुण्याने, इंग्लंडने, सगळ्यांनी आळीपाळीने म्हणून दाखवले होते. तरी आपल्या देवापुढे त्या जे होत्या तेच चारचौघांतही राहिल्या. त्यासाठी लागेल ती किंमत त्यांनी मोजली आणि त्या किमतीचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर टाकले नाही. आपल्या मंडळाच्या पुढील वर्षात असे एखादे उघडे दार आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरी असावे, एवढी इच्छा व्यक्त करून हे स्मरण पुरे करते.